काकांनी लावलेले क्रमांक

कचेरीच्या तळघरातला जुना संगणक काका एकोणीस वर्षं सांभाळत होते. यंत्राचं काही बिनसलं की ते त्यांना पंख्याच्या आवाजावरून कळे. घरात कोण आजारी आहे हे मात्र शेजाऱ्यांकडून कळतं, असं काकू म्हणत.

आता वरच्या मजल्यावर नवा संगणक आला होता, आणि तो आणवणारी इंजिनिअर त्यांचीच पुतणी होती. दोन्ही संगणकांची चाचणी घ्यायची, हरेल तो काढायचा, असं साहेबांनी ठरवलं. जुना गेला की तळघरही जाणार आणि काका निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढणार.

चाचणीला एका पुलाचा तक्ता घेतला. पुलाच्या दर सांध्याची एक ओळ, अशा आठ लाख ओळी आणि तेवढेच रकाने. पण सांध्याचा संबंध फक्त लगतच्या सांध्यांशी. म्हणून ओळीत वीस-पंचवीस आकडे, बाकी सगळी शून्यं. शून्यं साठवत नाहीत. आकडा आणि त्याचा पत्ता, एवढंच ठेवतात. अशा तक्त्याचा गुणाकार करताना प्रत्यक्ष गुणणं चुटकीसरशी होतं. पत्ते शोधत फिरण्यात यंत्राचा जीव जातो.

जुन्याला सत्तेचाळीस सेकंद लागले. नव्याला एकसष्ट.

"काका, तुमच्या म्हाताऱ्यानं माझं नाक कापलं," पुतणी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

काका हसले नाहीत. जुन्या यंत्रावरच्या तक्त्याला त्यांनी पूर्वीच नवे क्रमांक लावले होते, शेजारचे सांधे शेजारच्या ओळींत येतील, पत्ते शोधत लांब फिरावं लागणार नाही असे. फाइलचं नाव मात्र, नेहमीच्या सवयीनं, तेच ठेवलेलं. नव्याच्या वाट्याला आला होता मूळचा विस्कटलेला तक्ता.

नवा संगणक काढायच्या कागदावर सहीसाठी साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा साहेब. दोघांना एकच तक्ता मिळालेला नाही."

"आकडे तेच आहेत ना?"

"आकडे तेच. क्रम माझा आहे. माझी फाइल वरच्या नव्या यंत्रावर चालवा."

पुतणी हळूच म्हणाली, "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"तुला. महिन्याभरात. आणि दर रविवारी तू जेवायला आमच्याकडेच असतेस."

काकांच्या फाइलवर नव्यानं नऊ सेकंद घेतले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी जुना काढायच्या कागदावर सही केली.

दुपारी पुतणी काकांबरोबर तळघरात उतरली. जुनं यंत्र बंद करताना कुठलं बटण आधी दाबायचं, हे तिला माहीत नव्हतं. ते काकांनाच ठाऊक होतं, म्हणून ते त्यांनाच करावं लागलं.