पिंजौरची ओजस्विनी

मंडळाच्या खो-खोच्या सामन्यात मला पंच केले, कारण नियमांचे पुस्तक मी वाचले होते. खेळलो मात्र कधीच नाही. शिट्टी तोंडात धरली की ती वाजेल की नुसतीच हवा जाईल, ही शंका मला दर वेळी येते. त्यात माझा मुलगा ध्रुव आणि सून ओजस्विनी दोघेही मंडळाच्या संघात, आणि ओजस्विनी कर्णधार.

चंदीगढच्या आमच्या मराठी मंडळाने ठेवलेली ढाल आजवर मंडळाला कधी मिळाली नव्हती. ती दर वर्षी जवळच्या पिंजौर गावचा संघ घेऊन जायचा. आमची आयटी पार्कातली मुले आठवडाभर खुर्चीत बसणार आणि रविवारी खांबाला वळसा घालताना धापा टाकणार. या वर्षी मात्र ओजस्विनीने थंडीतही सगळ्यांना सकाळी सेक्टरच्या बागेत पळवले होते. यंदा ढाल आणायचीच, असे तिने घरात इतक्या वेळा म्हटले होते की ध्रुवने ढालीसाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला.

पण पिंजौरच्या बसमधून उतरताना त्यांच्या एका मुलीचा पाय मुरगळला. उरले आठ जण. नऊ नसतील तर सामना नाही.

"पंच, निकाल देऊन टाका," अध्यक्ष सदाशिवराव म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

नियम मला पाठ होता, तरी मी पुस्तकात पान शोधत राहिलो.

"बाबा, थांबा," ओजस्विनी म्हणाली. "एक खेळाडू आपण देऊ त्यांना."

"मग चंद्रकांतला द्या," सदाशिवराव लगेच म्हणाले.

"द्या की," गुडघ्याला पट्टा बांधलेला आमचा राखीव गडी चंद्रकांत खुशीत म्हणाला. "मी गेलो की पिंजौर हरलंच म्हणून समजा!"

सगळे हसले. ओजस्विनी म्हणाली, "द्यायचा तर खेळणारा द्यायचा. मीच जाते."

"अगं, मग आमच्यावर ओरडणार कोण?" ध्रुवने विचारले.

"तिकडून ओरडेन. ऐकू येईल तुला."

पिंजौरची कर्णधार गुरलीन कमरेवर हात ठेवून हे बघत होती. "पक्का, दीदी? बाद में रोना नहीं."

"रोएगा वो," ओजस्विनीने नवऱ्याकडे बोट दाखवले.

आणि ती खेळली! आपल्याच संघाचे दोन गडी तिने टिपले. त्यातला एक तिच्या जागी आलेला चंद्रकांत होता, पण दुसरा खरोखर चपळ होता. सदाशिवराव दर वेळी कपाळावर हात मारत होते. मैदानाबाहेर कुणी कुणाच्या बाजूने ओरडायचे हेच लोकांना कळेना, म्हणून ते सगळ्यांसाठीच ओरडू लागले.

शेवटच्या डावाचे शेवटचे मिनिट आले. पिंजौर एका गुणाने मागे होते. एक गडी बाद झाला की बरोबरी, आणि बरोबरी झाली तर ढाल गतविजेत्यांकडे, असा नियम मंडळानेच करून ठेवला होता. मैदानात उरला होता ध्रुव. ओजस्विनीला खो मिळाला. ती उठली, झेपावली, तिचा हात ध्रुवच्या पाठीला लागला आणि मी शिट्टी वाजवली. वाजलीही.

पिंजौरची मुले नाचू लागली. तेवढ्यात ओजस्विनीने हात वर केला.

"फाउल, बाबा. माझा पाय मधल्या पट्टीवर पडला."

मी तो पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. पिंजौरच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "घरवाले को बचा रही है!"

ओजस्विनीचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती तर कुणाला कळले नसते. खरे बोलली आणि ज्यांच्यासाठी ती खेळत होती त्यांच्याच डोळ्यांत चोर ठरली. बाद म्हणावे तर ती खोटी पडते, फाउल म्हणावे तर मी तिचा सासरा.

गुरलीन पुढे आली. ओरडणाऱ्याकडे वळून म्हणाली, "ओए, चुप! इतनी देर से अपनी ही टीम को मार रही है, तब बचा रही थी?" मग माझ्याकडे बघून, "दीदी ने बोला तो फाउल है, अंकल जी. चलाओ खेल."

खेळ पुन्हा सुरू झाला. काही क्षणच उरले होते. ओजस्विनीने आधीपेक्षा जोरात मुसंडी मारली. ध्रुव वाकला, घसरला, मातीत सपशेल आडवा झाला आणि तिचा हात वीतभर वरून गेला. वेळ संपली. मंडळ जिंकले.

ढाल घ्यायला कर्णधाराला बोलावले, तर ती जागेवर नव्हती. पिंजौरच्या मुलींनी तिला फोटोसाठी मधे उभे केले होते आणि सोडत नव्हत्या.

"अहो, आमची कर्णधार द्या!" सदाशिवराव हसत हसत ओरडले. कपाळावरचा हात आता टाळ्या वाजवत होता.

"आज हमारी है," गुरलीनने ठणकावले. "और दीदी, अगले साल भी हमारी तरफ से."

"और मैं?" अंगभर माती लागलेल्या ध्रुवने ढाल छातीशी धरून विचारले.

"आप उधर ही ठीक हो, जीजाजी. आपको पकड़ना बाकी है."

ओजस्विनी इतकी हसली की फोटोत तिचे डोळे मिटलेले आले.