विहीणबाईंचा फटका

चेंडू कुंडीवर आपटला आणि कुंडीचा काठ खळकन खाली पडला.

"गवत ओलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

खिडकीत चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या सुनेने गवताकडे पाहिलं. ते उन्हाने कडकडीत वाळलं होतं. शेजारी उभा असलेला तिचा नवरा हळूच पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि आईने मान वळवायच्या आत स्वयंपाकघरात सटकला.

सासूबाई भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि आता माझीच झोप उडाली, असं त्या हल्ली म्हणत, आणि झोप उडवली होती ती या एवढ्याशा फटक्याने. गोल्फमधले त्यांचे लांबचे फटके खणखणीत. पण ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, तोंडाशी आल्या की घोडं पेंड खायचं. तिथून चेंडू जरासा उडवायचा, हिरवळीवर टेकवायचा आणि भोकाकडे घरंगळत जाऊ द्यायचा, इतकंच. चिप म्हणतात त्याला. सासूबाईंचा चेंडू एक तर पायाशीच लोळायचा, नाहीतर गोळीसारखा पलीकडे जायचा. रविवारी क्लबचा अंतिम सामना होता. आणि समोर कोण, तर विहीणबाई. सुनेची सख्खी आई.

"तुझी आई हा फटका कसा मारते गं?" सासूबाईंनी पाठमोऱ्या राहूनच विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी स्टिक हातात धरली नाही."

हे खरंच होतं. आई भूगोलाची शिक्षिका. सुट्टी लागली की ती लेकीला मैदानावर घेऊन जायची. लेक झाडाखाली गोष्टीचं पुस्तक उघडून बसायची. "एकदा मारून तरी बघ," आई म्हणायची. "मला नाही आवडत," लेक म्हणायची. मग एके दिवशी आईने विचारणं सोडलं. लेकीसाठी हौसेने आणलेली छोटी स्टिक कुणाला तरी देऊन टाकली. मोडलेल्या सोयरिकीचा विषय काढत नाहीत, तसा त्यानंतर मायलेकींत गोल्फचा विषय निघाला नाही.

पुढचा चेंडू भिंतीवरून शेजाऱ्यांकडे गेला. सासूबाई मागच्या पायरीवर मटकन बसल्या. ऑपरेशनच्या टेबलापाशी कधी न थरथरलेले हात त्यांनी मांडीवर उलटसुलट करून पाहिले.

"या वयात चारचौघांत हसं करून घ्यायचं. नावच काढून घेते."

सुनेने कप ठेवला आणि ती अनवाणीच बाहेर आली.

"तुम्ही चेंडू उचलायला जाताय," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "तो वर न्यायचं काम तुमचं नाही, आई. स्टिकच्या तोंडाला उतार असतो, तो नेतो. वजन पुढच्या पायावर ठेवायचं. डावं पाऊल जरा बाहेर. मनगटं मोडायची नाहीत. आणि भोकाकडे बघायचंच नाही, चेंडू टेकायला कुठे हवा तेवढंच बघायचं."

बोलून समजेना म्हणून तिने स्टिक घेतली. गवतावर जुना टॉवेल पसरला. हात एकदा मागे, एकदा पुढे. चेंडू अलगद उठला, टॉवेलवर टेकला आणि शहाण्या मुलासारखा पुढे चालत गेला.

सासूबाईंनी आधी चेंडूकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"कधी हातात धरली नाहीस म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात टॉवेलची पार चाळण झाली. शुक्रवारी आईचा फोन आला.

"विहीणबाईंचा सराव काय म्हणतोय?"

"चाललंय ठीक," लेक म्हणाली. फितुरी इतक्या जवळच्या माणसाशी करावी लागते हे तिला माहीत नव्हतं. नवऱ्याने तर हात वरच केले. "मी कुणाच्याच बाजूने नाही. मला दोन्ही घरी जेवायचं असतं."

रविवारी शेवटच्या भोकापर्यंत दोघी बरोबरीत होत्या. आईचा चेंडू हिरवळीवर भोकाजवळ येऊन थांबला होता, अजून एक हलका फटका हवा होता. सासूबाईंचा मात्र काठावरच्या उंच गवतात अडकलेला, पण इथवर यायला त्यांना आईपेक्षा एक फटका कमी लागला होता. आता तो थेट भोकात गेला तर सामना तिथेच संपणार होता.

सासूबाई उभ्या राहिल्या. वजन पुढे घेतलं. डावं पाऊल बाहेर वळलं. बघणाऱ्यांची कुजबुज थांबली. सुनेने श्वास रोखला, पण तो नक्की कुणासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चेंडू उठला, टेकला, चालत गेला आणि भोकात उतरला.

टाळ्या कडाडल्या. सासूबाईंनी स्टिक फेकून जवळ उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली. आईने मात्र टाळी वाजवली नाही. ती सासूबाईंच्या पावलांकडे बघत राहिली. मग तिने गर्दीतून शोधून लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली.

क्लबहाऊसमध्ये पोचल्यावर लेकीला आई सापडली ती माणसांच्या घोळक्यात, हातवारे करत. "पाऊल बघितलंत ना? मनगट बघितलंत? जराही मोडलं नाही!" जिंकणारीने सांगावं तशी ती सांगत होती. लेकीने तिला बाकापाशी ओढून आणलं.

"आई, तू हरलीस."

"हो ना!" आई म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, पाऊल बाहेर वळवायचं मी आजवर कुणालाही शिकवलेलं नाही. माझा गुडघा दुखतो म्हणून मी तसं उभी राहते. विहीणबाईंचा गुडघा तर ठणठणीत आहे!"

लेकीने कपाळावर हात मारला. पलीकडे सासूबाई ज्याला त्याला डावं पाऊल कसं वळवायचं ते दाखवत होत्या.

आई बुटांच्या नाड्या सोडायला बसली. एक सोडली आणि थांबली.

"मला वाटायचं, तू पुस्तकातून डोकंच वर काढत नाहीस."

आईने आपली पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. बाकावर झालेल्या जागेत लेक बसली.

"आणखी काय काय बघायचीस गं?"

"फटका चुकला की तू टोपी काढायचीस," लेक म्हणाली. "मग तिच्यात तोंड घालून काहीतरी बोलायचीस. ऐकू यायचं मला सगळं."

"अगंबाई! आणखी?"