कोंडीबांचा डावा हात

मी एक जुना जपानी अ‍ॅम्प्लिफायर आहे. मित्रांनो, नाव अवघड वाटलं तर घाबरू नका. पुसेगावात मला सगळे नुसतं 'मशीन' म्हणायचे. माझं काम सोपं आहे. टेपचा बारीक आवाज मी घेतो, त्याला बळ देतो आणि दोन लाकडी स्पीकरांतून बाहेर सोडतो.

कोंडीबांनी मला हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलं, तेही बसमध्ये मांडीवर घेऊन. ते गावच्या बुद्धविहारात ढोलकी वाजवायचे आणि त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई गाणी म्हणायच्या. घरी आल्यावर दोघं कॅसेट लावून ऐकत बसायचे. पंचफुलाबाई माझं चकचकीत तोंड पदराने पुसायच्या. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी जरा चढूनच गेलो होतो.

पुढे टीव्ही आला, मोबाइल आला आणि माझी रवानगी कोठीच्या खोलीत झाली. डोक्यावर हळदीची पोती आली. जाळीतून हळद पोटात शिरली. मग एके दिवशी कोंडीबाही गेले. ते मला भिंतीपलीकडच्या रडण्यावरून कळलं.

यंदा त्यांच्या मुलाने, धम्मानंदने, खोली रिकामी केली. मला भंगारात द्यायचं ठरलं आणि मी ओसरीवर येऊन पडलो. तिथेच नात साक्षीने आजीला बरं वाटावं म्हणून मोबाइलवर विहारातलं, आजोबांच्या ढोलकीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

"बंद कर, पोरी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ही तुझ्या आज्याची ढोलकी न्हाई. निसती टकटक करून राहिली."

"आजी, त्यांचीच आहे ती."

"मंग त्येचा डावा हात कुठं गेला? घुमत काहून न्हाई?" त्यांनी मोबाइल कानाशी धरला. "का मीच इसरून राहिले, त्यो कसा वाजवायचा ते?"

मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ढोलकीची बारीक बाजू तेवढी पेलते. डाव्या बाजूचा खोल आवाज त्याला झेपत नाही. साक्षीच्या ते लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. हळद झाडली, बटणं पुसली, स्पीकर जोडले, मोबाइलची वायर लावली.

"साक्षे, भंगारवाला आला बघ," धम्मानंद अंगणातून ओरडला.

"पप्पा, एकच गाणं!"

मला फार भीती वाटली. आवाज फुटलाच नाही तर? आधी नुसती खरखर झाली. मग अंग तापलं, ओसरीभर हळदीचा वास सुटला, आणि ढोलकी घुमली. ओळ संपली की कोंडीबा तळहात दाबून डावी बाजू घुमवायचे, अगदी तशीच घुमली.

पंचफुलाबाईंचा हात मांडीवर पडू लागला. "व्हय," त्या म्हणाल्या. "ह्योच त्येचा हात." आणि त्या रडल्या.

धम्मानंद ओसरीच्या पायरीपर्यंत आला. मग भंगारवाल्याकडे वळून म्हणाला, "जा भाऊ, हे द्यायचं न्हाई."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मुकी झाली म्हणून लगेच टाकून देऊ नका. आधी तिला पुसा, जोडा आणि थोडा वेळ तिच्यापाशी बसा. आमच्या पोटात कोणाचं काय राहिलेलं असतं, ते आम्हाला आपण होऊन सांगता येत नाही.

कोंडीबा गेल्यापासून पंचफुलाबाईंनी गाणं सोडलं होतं. परवा बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला विहारात नेलं. मी ढोलकी वाजवली आणि त्या गायल्या.