सतरा नंबरची अळंबी

बावीस वर्षांत माझं आणि सासूबाईंचं खरं वाजलं ते एकाच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट म्हणजे एका अळंबीचा रंग. लोकांच्या घरी माहेरच्या फोनवरून भांडणं होतात, आमच्याकडे जांभळ्यावरून व्हायची.

सासूबाई चित्रकार. विद्यापीठाच्या वनस्पती विभागासाठी त्या जंगलात जाऊन अळंब्यांची चित्रं काढायच्या. मी त्याच विभागात नमुने सांभाळते. आलेली अळंबी वाळवायची, कार्डावर चिकटवायची, खाली जागा नि तारीख लिहायची आणि कपाटात लावायची, हे माझं काम. त्यांची सून व्हायच्या आधीपासून मी ते करते. त्यांची एकतीस चित्रं इतकी वर्षं त्याच कपाटांवर धूळ खात पडली होती. आता कुठे त्यांचं पुस्तक निघणार होतं, शुक्रवारी छपाईला जाणार होतं, आणि मंगळवारी आमच्या विभागप्रमुख सरांनी सतरा नंबरचं चित्र अलगद बाजूला काढलं.

चित्र काय होतं म्हणून सांगू! ओल्या पानांतून वर आलेली बोटभर उंचीची अळंबी. टोपी जांभळी, दांडा जांभळा, आणि टोपीच्या खाली पातळ पात्या असतात ना, त्या सगळ्यांत गडद जांभळ्या. पाहिलं की नजर तिथंच अडकायची. पण त्याच अळंबीचा नमुना कार्डावर होता, आणि तो होता चहात बुडवायच्या बिस्किटासारखा.

"रंग मनचा घातलेला दिसतो," सर म्हणाले. "शास्त्राच्या पुस्तकात हे चालायचं नाही. तीस चित्रं छापू."

मी घरी येऊन हे सांगितलं, आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून वर अक्कल पाजळली. "आई, नमुना काही खोटं बोलत नाही. त्या दिवशी उजेडच तसा असेल. तुम्हाला भास झाला असेल."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "सतरा नाही तर एकही नाही. सांग तुझ्या सरांना. एकतीसच्या एकतीस परत आण."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. आई आणि बायको समोरासमोर आल्या की या माणसाला जगाच्या बातम्यांची भारी काळजी वाटते.

मला राग आला आणि काळजीही वाटली. दोन वर्षांपासून सासूबाईंच्या नजरेचा मधला भाग जात चालला आहे. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट होतं. आता नवीन चित्र होणं शक्य नव्हतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पुस्तक, आणि ह्या बाई एका अळंबीपायी ते पाण्यात सोडायला निघाल्या होत्या.

"उद्या सुट्टी टाक," त्या म्हणाल्या. "जंगलात जाऊ आणि ताजी आणून त्यांच्या टेबलावर ठेवू."

"तुम्हाला दिसणार कशी?"

"डोळे तुझे, अक्कल माझी. आणि हे बघ, त्या जुन्या कार्डाच्या नादी लागू नकोस. ताजी दाखवायची, विषय संपला."

बुधवारी पहिल्या बसनं शेवटच्या थांब्यावर उतरलो. आठवडाभर पाऊस नव्हता. झाडांखाली वाळकी पानं घोट्यापर्यंत साचलेली, पाऊल टाकलं की कुरकुर वाजायची. सासूबाई माझ्या कोपराला धरून चालत होत्या आणि सूचनांचा नुसता मारा करत होत्या. हळू चाल, खोडाच्या उत्तरेला बघ, पान सरकव, अगं पायानं काय सरकवतेस! अडीच तास असे गेले. माझी पाठ मोडून आली आणि जांभळ्याचा पत्ता नाही.

एका जुन्या झाडाच्या मुळांशी दहा-बारा अळंब्या दिसल्या. "आहेत," मी म्हणाले, "पण बिस्किटी. चला पुढे."

"उलटी कर एक."

"आई, बिस्किटी आहेत हो!"

"टोपी विचारली का मी तुला? उलटी कर म्हणते ना."

मी चिडूनच एक उपटली आणि तळहातावर उलटी केली. माझं तोंड उघडंच राहिलं. वरून मातकट दिसणारी ती एवढीशी टोपी, आणि खालच्या सगळ्या पात्या जांभळ्या. एकही सुटली नव्हती.

"सांग ना, काय दिसतंय?"

"जांभळी आहे," मी म्हणाले.

"मग!" सासूबाई अशा थाटात म्हणाल्या, की जणू पहाटे येऊन त्यांनीच ती तिथं लावली होती. "वाळली की टोपी रंग सोडते. पोटाखालचा रंग इतक्या लवकर जात नाही. आता ओल शोध."

ओल उताराच्या तळाशी होती, झऱ्याच्या काठावर, जिथं ऊन पोचतच नव्हतं. मी आधी उतरले आणि जागच्या जागी थांबले. शेवाळातून, कुजक्या पानांतून, पडलेल्या ओंडक्याच्या कडेनं त्या वर आल्या होत्या. पन्नास असतील, शंभर असतील, मोजायचं भान कुणाला होतं? टोपीपासून दांड्याच्या टोकापर्यंत जांभळ्या. काही नखाएवढ्या, काही टोप्या पसरून बसलेल्या, आणि सगळ्यांवर पाण्याचे बारीक थेंब. कुणी बघावं म्हणून नाही, कुणासाठी नाही, तिथं अंधारात एवढा रंग सांडला होता. मी हजारो अळंब्या हातांखालून घातल्या आहेत, पण सगळ्या वाळलेल्या. जिवंत अळंबी अशी असते हे मला आत्ता कळत होतं. मी गुडघ्यांवर बसले. हात लावायचा धीर होईना.

"आई, खरं आहे हो," मी म्हणाले. "सगळं खरं आहे."

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्या वाकल्या आणि कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेच्या नजरेनं बघू लागल्या. मग फक्त म्हणाल्या, "तसाच आहे."

मी चार अळंब्या ओल्या शेवाळासकट डब्यात ठेवल्या, झाकण घट्ट लावलं आणि आम्ही थेट विभागात गेलो. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या.

सरांनी डबा उघडला. भिंग उचललं, खाली ठेवलं, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "अरे बाप रे," ते म्हणाले. निवृत्तीला आलेला माणूस, पण क्षणभर शाळकरी पोरासारखा दिसला. मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "पण आपली सतरा हीच कशावरून? ती वेगळी जात असेल. आपला नमुना तर फिकट आहे."

"ताजी दाखवली ना?" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "झालं मग! चल घरी."

एवढी घाई कसली ते मला समजेना. मी कपाटातून सतरा नंबरचं कार्ड काढलं. आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं, पण बघता येईना. आमच्याकडे नियम आहे, एक टोपी सुलटी चिकटवायची आणि एक उलटी, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. या कार्डावर तिन्ही टोप्या सुलट्या होत्या. तिन्हींच्या पोटाला डिंक. आणि खाली जागा नि तारीख गोल गोल, नको इतक्या टापटीप अक्षरात लिहिलेली.

ते अक्षर माझं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं.

कार्ड परत ठेवून द्यावं, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? मग मी कडेला पाण्याचा थेंब सोडला, सुरीचं पातळ पातं खालून सरकवलं आणि एक टोपी सोडवली. सर वाकून बघत होते. इतकी वर्षं डिंकाखाली दाबलेल्या पात्या विटल्या होत्या, पण होत्या जांभळ्याच.

"हे चिकटवलं कुणी?" सरांनी विचारलं.

"मी."

"तेव्हा कळलं असतं तर त्याच दिवशी काढून टाकलं असतं तुला," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. मग त्यांनी सतरा नंबरचं चित्र उचललं आणि सोळा आणि अठराच्या मध्ये ठेवलं. "एकतीस जातील."

मी उघडा डबा तसाच उचलून बाहेर आले. सासूबाई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आई, चित्र जातंय," मी म्हणाले. "पण ते कार्ड मी चिकटवलं होतं. सगळा घोळ माझा आहे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कार्ड मी तेव्हाच पाहिलं होतं. अक्षर तुझं, तेही कळलं होतं." त्या पर्सचा पट्टा सरळ करत होत्या. "आदल्या दिवशी डबा खाताना तू सांगितलं होतंस, वडील अंथरुणाला खिळलेत, घर तुझ्यावर आहे. आणि तुझे सर तेव्हा कसले आगीचे बंब होते! एका चित्रापायी पोरीची नोकरी घालवू?"

"आणि नंतर? इतकी वर्षं मी तुम्हाला खोटं पाडत होते तेव्हा?"

"तेव्हा राग यायचा. चांगला सणसणीत यायचा." त्या उठल्या आणि माझं कोपर शोधू लागल्या. "काल बजावलं होतं, कार्डाच्या नादी लागू नकोस. पण ऐकशील कधी?"

मला रडू आवरेना. भर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, मग हात चाचपत माझ्या हातातल्या डब्यापर्यंत आणला.

"आधी झाकण लाव बघू," त्या म्हणाल्या. "वाळली की रंग जाईल."

मी झाकण लावलं.