न धुतलेलं फडकं

मी फडकं बोलतंय, बरणीतलं. हसू नका. तुमच्या लोणच्याची असते तशीच काचेची बरणी, झाकणाला रबर. पण माझ्यात मीठ-मोहरी नाही, एका बाईच्या अंगाचा वास मुरलाय.

माझी भावंडं घरोघरी गेली. कोणी टेबलं पुसली, कोणी पोराटोरांची नाकं. माझ्या नशिबी सरकारी नोकरी आली, तीही पूर्व जर्मनीत, लाइपझिगच्या गुप्त पोलिसांत. चौकशीच्या खोलीत संशयिताचा वास टिपायला मला खुर्चीवर अंथरलं आणि माझ्यावर रोसविथा येऊन बसली. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. निवडणुकीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ट्रामच्या थांब्यांवर कागद चिकटवले होते: ‘कशाला जाता? निकाल छापून झालाय.’

“हे काम कोणाचं?” कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

“मला काय ठाऊक, साहेब? मी कॉलरी बघते. तुमचीही माझ्याच हातची. खळ जास्त झालीय का?”

साहेबांनी नकळत मानेत बोट घातलं.

आवाज शांत होता, पण तिला फुटलेला घाम मला कळत होता. कागद तिचेच होते. पकडली गेली असती तर तिला तुरुंग, आणि शेजारणीकडे ठेवलेली तिची लहानगी लेक आनेग्रेट सरकारी अनाथालयात. मला तिची फार दया आली. पण फडक्याचं कोण ऐकतो?

ती गेल्यावर मला चिमट्याने बरणीत घातलं. दुसऱ्या दिवशी कुत्रा आणला, तोच वास सापडला की तिथे बसायला शिकवलेला. त्याने मला हुंगलं. जमिनीवर कागदांची रांग होती, त्यात थांब्यावरून काढलेला तिचाही कागद. कुत्रा रांग ओलांडून गेला आणि थेट कॅप्टनसाहेबांसमोर जाऊन बसला. अंगात सकाळीच इस्त्री होऊन आलेला शर्ट होता ना त्यांच्या.

“पुन्हा,” साहेब म्हणाले. कुत्रा पुन्हा तिथेच बसला. कुत्रेवाला शिपाई छताकडे बघत राहिला.

“कुत्रं आजारी आहे,” साहेब म्हणाले. प्रकरण तिथेच मिटलं. वरच्यांना काय सांगणार बिचारे?

मी फळीवर गेलं. पुढे सरकार गेलं, साहेब गेले, मी मात्र राहिलं, जुन्या फायलींच्या दफ्तरखान्यात. इतकी वर्षं मला कोणी साधं झटकलंही नाही.

मग परवा आनेग्रेट आली. केस पिकलेले, काखेत एक छोटं कुत्रं. दफ्तरखान्यातल्या कारकुनाला म्हणाली, “आई वारली. लॉन्ड्रीवालीची लेक मी, हात स्वस्थ बसेनात. तिचे सगळे कपडे धुऊन टाकले. उशांचे अभ्रेसुद्धा. मग कळलं, आता तिचा वास घरात कुठेच नाही. तिच्या फायलीत या बरणीची नोंद दिसली, म्हणून आले.”

त्याने झाकण उघडलं. तिने नाक जवळ आणलं, डोळे मिटले, पुन्हा पुन्हा हुंगलं.

“काहीच येत नाही हो,” ती म्हणाली.

मी तर काठोकाठ भरलेलं होतं. ओरडून सांगावंसं वाटलं.

कुत्रं कधी काखेतून उतरलं कोण जाणे. टेबलावर पाय टेकून त्याने मला हुंगलं. मग कारकुनाला ओलांडून आनेग्रेटसमोर जाऊन बसलं आणि तिच्याकडे बघत राहिलं.

“तुमचंच कुत्रं, तुमच्याकडेच येणार,” कारकून म्हणाला.

“गप्प बसा,” ती हळूच म्हणाली आणि स्वतःचं मनगट हुंगू लागली.

आता झाकण लावा बाबांनो. आणि एवढं ऐका, मला धुऊ नका.