मंगळवारचा माणूस गुरुवारी

अगं थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझी गाडी रुळावरून घसरेल. आधी रक्ताचं सांगते. फरशीवर पडलेलं रक्त सिनेमातल्यासारखं लालभडक नसतं. काळपट असतं, चिकट असतं आणि त्यावरून पाय घसरतो. माझा घसरला. म्हणून तर माझा पहिला फटका चुकला.

नाही, असं नको. पहिल्यापासून सांगते.

माझं काम तुम्हाला माहितीये. आई लोकांना नुसतं "ऑफिसात आहे" म्हणून सांगते, जसं काही मी फायलींना फुंकर मारत बसते. तुरुंगातून लवकर सुटलेली माणसं आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. वहीत सही करतात, बाकावर बसतात, मग मी एकेकाला आत बोलावते. काम मिळालं का, दारूला हात लावला का, घरी कुणावर हात उचलला का. नियम मोडला की उरलेली शिक्षा पुन्हा आत जाऊन भोगायची. अशी एक्केचाळीस माणसं माझ्या गळ्यात आहेत. हो, एक्केचाळीस! आणि तुझ्याकडून एक मांजर सांभाळलं जात नाही.

त्यातला एक वेल्डर. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हातांवर भाजल्याचे ठिपकेच ठिपके. आठ वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्यानं एकाला लोखंडी पाइपनं झोडपलं आणि त्या माणसाचा डोळा गेला. पण माझ्याकडे आल्यापासून दीड वर्षात एक सही चुकली नाही. त्याचे देखरेखीचे बारा दिवस उरले होते. फक्त बारा. त्याची मुलगी दुसऱ्या गावात असते, आणि यानं आमच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी अट. तिचं लग्न झालं, बाळ झालं, यानं काहीच पाहिलं नाही. तेराव्या दिवसाचं बसचं तिकीट काढून ठेवलं होतं त्यानं. मला दोनदा दाखवलं. या बारा दिवसांत कुणाला नुसतं ढकललं असतं, तरी चार वर्षं आत.

दुसरा बारक्या. नाव बारक्या, पण दारातून येताना आडवं व्हावं लागतं असा. ज्याचा डोळा गेला त्याचा हा सख्खा भाऊ. हाही मारामारीतच आत गेलेला, महिन्यापूर्वी सुटून आमच्याकडे आला, पण फाइल दुसऱ्या साहेबांकडे. त्यानं भर कोर्टात सांगितलं होतं, "वेल्डरचा एक डोळा काढल्याशिवाय मी मरणार नाही."

आता आमच्याकडे एक फळा आहे. साधा, पांढरा, मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या वरच्या साहेबांच्या, खोलीबाहेर. ज्यांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये अशा माणसांच्या जोड्या त्यावर लाल शाईनं लिहितात. त्यात ही जोडीही होती: वेल्डर मंगळवारी, तर बारक्या गुरुवारी. कुणाचाही वार बदलायचा तर आधी फळा बघायचा, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "कॉम्प्युटर विसरतो, फळा विसरत नाही."

आणि मी? मी भाजीच्या रांगेत उभी होते. वेल्डरचा फोन आला. "मॅडम, वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी केलीय मालकानं, या वेळी गुरुवारी आलो तर चालेल?" मी एका हातात भोपळा धरून म्हटलं, "या की, त्यात काय!"

त्यात काय!

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी आत एकाची लघवी तपासायची बाटली भरून घेत होते. हसू नका, तेही माझंच काम आहे. तेवढ्यात बाहेर बाक आपटला. मग आवाज आला, कणीक तिंबताना येतो ना तसा, धप, धप, धप. आणि त्यात कुणीतरी आकडे मोजत होतं.

"तीन... चार..."

मी दार उघडलं. वेल्डर भिंतीला पाठ लावून खाली बसलेला आणि बारक्या त्याच्या छातीवर गुडघा देऊन त्याला हाणत होता. नाक फुटलेलं, ओठ फाटलेला, एक दात हनुवटीवर चिकटलेला. आणि वेल्डरचे दोन्ही हात पाठीमागे! स्वतःच स्वतःचं मनगट धरून बसला होता. कारण मीच शिकवलं होतं ना त्याला. राग आला की हात मागे घ्यायचे आणि दहा श्वास मोजायचे. दीड वर्ष मी त्याच्याकडून ते घोकून घेतलं होतं. तो मार खात होता आणि मोजत होता.

"मार ना!" बारक्या ओरडत होता. "पाइप नाही म्हणून हात गळाले काय रे? मार, भेकडा!"

"पाच," वेल्डर म्हणाला.

बाकी दोघं-तिघं होते ते केव्हाच पळाले. आमचे वॉचमनमामा बाहेर फाटकावर. मी ओरडले, "मामा! बारक्या, सोड त्याला!" बारक्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सहीच्या वहीला दोरीनं बांधलेलं पेन असतं ना, त्यानं ते हिसडा मारून तोडलं. दोरी लोंबकळत होती. डाव्या हातानं वेल्डरचं डोकं भिंतीशी दाबलं आणि पेनाचं टोक डोळ्याकडे नेलं. सावकाश, सुईत दोरा ओवावा तसं.

वेल्डरनं डोळे घट्ट मिटले. "सहा."

भिंतीला आग विझवायचा तो लाल सिलिंडर असतो. तो मी कधी काढला, मला आठवत नाही. पहिला फटका सांगितलं तसा चुकला, भिंतीचा पोपडा उडाला. दुसरा बारक्याच्या मनगटावर बसला. काड असा आवाज आला. पेन उडालं. तो वळला, मला एक शिवी दिली, आणि मी तिसरा कोपरावर घातला. त्याचा हात नको तिकडून वाकला. तो किंचाळला, आडवा झाला.

इथं थांबायचं होतं. कळतंय मला. पेन गेलं, हात मोडला, माणूस पडला. काम झालं होतं.

मी थांबले नाही.

खांद्यावर एक. पाठीत एक. मग आणखी एक. मी काहीतरी ओरडत होते, काय ते माझं मलाच माहीत नाही. आणि खरं सांगू? तुम्हीच आहात म्हणून सांगते. बरं वाटत होतं. दीड वर्ष मी या लोकांना विचारतेय, मारताना काय वाटतं, आणि ते खाली मान घालून म्हणतात, काही कळत नाही मॅडम. खोटं बोलतात. सगळं कळतं. त्याच्या बरगडीचा दणका माझ्या खांद्यापर्यंत येत होता आणि मला अजून हवा होता.

मग सिलिंडर वर जाऊन अडकला. वेल्डरनं खालून उठून तो धरला होता. तोंडातून रक्त, एक डोळा सुजून बंद.

"मॅडम, तो पडलाय. पडलाय तो. द्या इकडे."

त्यानं तो माझ्या हातातून सोडवून घेतला, आणि नेमके त्याच क्षणी वॉचमनमामा धावत आत आले. त्यांना काय दिसलं? बारक्या जमिनीवर, आणि वेल्डरच्या हातात सिलिंडर. मामांनी वेल्डरच्या मानेवर काठी घातली. तो गप्प खाली बसला, हात डोक्यावर घेऊन, जणू रोजची सवय.

कॅमेरा होता, पण त्याचं तोंड सहीच्या वहीकडे. बाक दिसतच नाही.

अर्ध्या तासात फौजदार आले. बारक्या स्ट्रेचरवरून जाताना शुद्धीवर आला आणि त्याचं पहिलं वाक्य, "वेल्डरनं मारलं." माझ्यासारख्या काडी पैलवानाकडून मार खाल्ला हे कोण कबूल करेल? मोठ्या बाईंच्या खोलीत फौजदार लिहायला लागले. वेल्डर कोपऱ्यात बसला होता, हातात बेड्या, नाकात कापूस. तो फक्त म्हणाला, "सही कुठं करायची?"

मी म्हटलं, "त्यांनी नाही मारलं. मी मारलं."

फौजदारांनी माझ्या दंडाकडे पाहिलं आणि हसले. "ताई, दया येते, समजतं. पण हे असं पोलिसांना सांगायचं नसतं."

"पोरी," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "नोकरीला दोन वर्षं व्हायचीत तुला. विचार कर."

"विचार काय करायचा? आणि त्यांना गुरुवारी मीच बोलावलं. फळा न बघता. भाजीच्या रांगेतून."

बाईंनी कपाळाला हात लावला. फौजदार अजून हसतच होते. मला इतका संताप आला! खरं बोलून माणूस तोंडघशी पडतो ते असं. मग हात ठणकला म्हणून मी खाली पाहिलं. उजव्या अंगठ्याजवळची कातडी गेली होती, नखाएवढा तुकडा, आत गुलाबी मांस. मी हात त्यांच्या कागदावर आपटला. थेंब उडाले.

"सिलिंडरच्या खटक्यात बघा. माझी कातडी अडकलीय तिथं. आणि त्यांचे हात बघा!"

फौजदार उठले, टॉर्च लावून खटका बघितला. बराच वेळ बघितला. मग वेल्डरचे हात उलटेपालटे केले. बोटांचे सांधे स्वच्छ, एक ओरखडा नाही. फक्त डाव्या मनगटावर त्याच्याच नखांच्या चार खोल खुणा.

हसणं थांबलं. बेड्या निघाल्या. "तिचा जबाब घ्या," फौजदार शिपायाला म्हणाले, आणि मला कळलं की ती म्हणजे मी.

मग मी सगळं सांगितलं, पडल्यानंतरचे तीन फटकेही. ते कुणी विचारले नव्हते. आता मी घरी बसलेय, चौकशी चालू आहे, नोकरीचं काही खरं नाही. बारक्याच्या दोन बरगड्या गेल्या. आईनं अजून विचारलं नाही, मी अजून सांगितलं नाही.

पण वेल्डरचं राहिलंच. त्याला मोकळं केलं, तरी तो खोलीतून जाईना. मला वाटलं, आभार मानायला थांबलाय. मी उगाच डोळे पुसले. तो मोठ्या बाईंकडे वळला आणि फुटक्या ओठांनी म्हणाला, "बाई, उरलेल्या दिवसांसाठी मला दुसरे साहेब मिळतील का?"

"का हो?" बाई म्हणाल्या. "हिनं तुम्हाला वाचवलं."

"वाचवलं ना. आठवण ठेवीन." तो माझ्याकडे बघेना. "पण मी हात धरला नसता, तर या थांबल्या नसत्या. मला माहितीये ते कसं असतं. मी नाही बसू शकत यांच्यासमोर."

बाईंनी बदलीचा कागद काढला. त्यावर जुन्या अधिकाऱ्याची सही लागते. उजव्या हाताची उघडझाप होत नव्हती, म्हणून मी डाव्या हातानं सही केली.