सहकर्जदार

सोमवारपासून दातवालीचा जीव टांगणीला लागला होता. गल्लीत सगळे तिला दातवाली म्हणत, पण कुणाच्या तोंडात तिने कधी बोट घातलं नव्हतं. ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून मापं यायची आणि ही मेणात एकेक दात बसवत राहायची. लग्नाआधीपासून तिचं हेच काम, ह्याच लॅबमध्ये, ह्याच टेबलाशी. आता मालक थकले होते.

"शुक्रवारपर्यंत पैशांची सोय कर, लॅब तुझी," ते म्हणाले होते. "नाहीतर ह्या जागेवर ज्यूसवाला टपूनच बसलाय. त्याला म्हटलं, बाबा रे, आधी दात, मग ज्यूस. पण मी तरी किती थांबू?"

बँकेने तिचं कर्ज अडवून धरलं होतं. बाईने जन्मात कधी विजेचं बिल थकवलं नव्हतं. पण संसार होता तेव्हा नवऱ्याच्या व्हॅनच्या कर्जावर तिनेही सही केली होती. घटस्फोटात ठरलं की हप्ते त्याने भरायचे. तो "भरतो की" म्हणाला आणि त्याने ते भरले नाहीत. त्याचा हप्ता चुकला की हिची पत घसरायची.

"मॅडम, तुमचा घटस्फोट त्यांच्याशी झालाय, आमच्याशी नाही," बँकेतले साहेब म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोराचे पैसेही संन्याशानेच द्यायचे! थकबाकी भरली गेली आणि तिच्या जागी दुसरं कुणी सहकर्जदार आलं, तर फाइल पुढे सरकवतो, एवढं त्यांनी कबूल केलं. आपल्या जागी यायला कोण एवढं खुळं बसलंय, असं मनात म्हणत ती परत आली. वसुलीवाल्यांचा फोन वाजला की ती तो उलटा ठेवून पुढचा दात बसवायला घ्यायची.

आणि गुरुवारी दुपारी ती खुळी स्वतःच्या पायांनी लॅबमध्ये आली. तरणीताठी, केस ओले, अंगाला तलावाच्या पाण्याचा वास. पोरांना पोहायला शिकवते म्हणाली. पुढच्या महिन्यात दातवालीच्या आधीच्या नवऱ्याशी लग्न करणार होती.

"ताई, राग मानू नका," ती स्टुलावर टेकत म्हणाली. "ते म्हणतात, व्हॅनच्या कर्जावर तुमच्याऐवजी माझं नाव घालू. मागचं सगळं मी भरतेय. संध्याकाळी सही आहे. म्हटलं, एकदा तुम्हाला भेटावं. माणूस कसा आहे हो?"

दातवालीच्या हातातली सुरी थांबली. नुसतं "चांगला आहे" म्हटलं की लॅब आपली. खोटंही नव्हतं ते. माणूस हसरा होता, पाहुण्यांसाठी जीव टाकायचा, तिच्या आजारपणात त्याने रात्री जागवल्या होत्या. तिने ते सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा खुलत गेला, आणि तो खुलताना पाहून दातवालीला स्वतःचीच किळस आली.

"पण सही करू नकोस," ती एकदम म्हणाली. "तो हप्ते भरत नाही. आज भरतो, उद्या भरतो करत तुला बुडवेल. लग्न कर हवं तर. सही नको."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. गेली लॅब. आपल्या हातांनी ज्यूसवाल्याच्या पदरात टाकली.

पोरगी मात्र घाबरली नाही. उलट तिच्या नजरेत कीव आली.

"ते म्हणालेच होते," ती हळूच म्हणाली. "म्हणाले, ती सही नको म्हणेल. तिला आपलं सुख बघवत नाही." मग उठून तिने दातवालीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी नाही हो रागावले. तुमच्या जागी मी असते तर मलाही वाईट वाटलं असतं."

दातवाली तिच्याकडे बघतच राहिली. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिच्या लग्नाआधी नणंदेने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, बाई गं, माझ्या भावासाठी कुठे सही करू नकोस. तेव्हा तो हसून म्हणाला होता, ताईला आपलं सुख बघवत नाही. आणि दातवालीने नणंदेची अशीच कीव केली होती.

हे एवढं सांगितलं असतं तर पोरगी जागच्या जागी थांबली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पोरगी दारापाशी पोचली, चप्पल घालायला वाकली, पट्टा नीट बसेना म्हणून बराच वेळ तशीच खटपटत राहिली. हाक मारायला भरपूर वेळ होता.

दातवाली खाली मान घालून मेण तापवत बसली. दार लागल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाचीच तिला भीती वाटली. आपण खरं तेच सांगितलं, ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होती. तेवढं एक सांगायचं राहिलं.

राहिलं कसलं, तिने ठेवलं.